माझ्या नावाचा सातबारा

आम्ही डोंगरातच राहायचो, पण घाटकोपरच्या. असल्फाला रिक्षावाला जिथे 'आता पुढे नाही' म्हणतो, तिथून एकशे बेचाळीस पायऱ्या चढल्या की आमचं घर. लग्न होऊन मी तिथे आले ती काही फार लांबून नाही, खालच्या आळीतून वरच्या आळीत. नवरा आणि मी एकाच वस्तीत वाढलो, म्हणून मी त्याला पहिल्यापासून अरे-तुरेच करते. सासूबाईंना ते शेवटपर्यंत पटलं नाही.

घराची मागची भिंत म्हणजे डोंगरच होता. दर पावसाळ्यात माझं तिकडे लक्ष असायचं. झिरपणाऱ्या पाण्याला माती सुटलीय का, वरचा विजेचा खांब कालच्यापेक्षा कललाय का. एका वर्षी शेजारच्या दोन घरांची मागची बाजू आत आली. माणसं कामावर होती म्हणून वाचली. ती जागा आमची होती का, तर कागदावर नव्हती. झोपडीचा सरकारी फोटोपास होता, लाइट बिल होतं, रेशनकार्ड होतं. जमीन कुणाची, हे वस्तीत कुणी मोठ्याने विचारत नसे.

साकीनाक्याच्या एका वर्कशॉपमध्ये मी सत्तावीस वर्षं इन्स्पेक्शनला होते. लेथवरून उतरलेला पितळी वॉल्व्हचा भाग हातात घ्यायचा, मायक्रोमीटर लावायचा, केसाइतका फरक निघाला तरी बाजूला टाकायचा. मालकाने वर्कशॉप वसईला हलवलं तेव्हा मी छप्पन्न वर्षांची होते. रोज वसई मला जमण्यासारखं नव्हतं. नवरा आदल्याच वर्षी बसच्या ड्रायव्हरकीतून निवृत्त झाला होता, मुलगी मुलुंडला तिच्या संसारात रमली होती. दोघांच्या फंडाचे पैसे बँकेत होते आणि जो तो सांगत होता, टिटवाळ्याला वन रूम किचन घ्या. मला मात्र जमीन हवी होती. का, ते मला तेव्हाही नीट सांगता यायचं नाही. पायाखाली माती असावी आणि ती आपली आहे असं कुठेतरी लिहिलेलं असावं, एवढंच.

नवऱ्याला हे खूळ वाटायचं. तो म्हणायचा, आयुष्यभर चढ चढलो, आता सपाटीवर राहू ना यार. तरी मी बोरीवलीच्या एका एजंटकडे नाव दिलं, आणि मे महिन्यात त्याच्या मिनीबसमधून आम्ही घाटमाथ्यावरच्या एका तालुक्यात प्लॉट बघायला गेलो. बसमध्ये आमच्यासारखीच वीसेक माणसं होती. एजंटने सगळ्यांना टोप्या दिल्या, पोहे दिले.

जागा दिसायला झकास होती. डोंगर कापून पायऱ्यापायऱ्यांचे प्लॉट पाडलेले, वर मोठी कमान, समोर दरी. बाकीची मंडळी फोटो काढत होती. मी सवयीने मागच्या बाजूला गेले. वरच्या उतारावरची झाडं बुंध्याशी वाकून मग सरळ वर गेलेली होती. जमीन हळूहळू खाली सरकत असली की झाडं अशी वाढतात, हे मी घाटकोपरला पाहिलेलं होतं. दोन प्लॉटच्या मधोमध मुरूम टाकून एक घळ बुजवलेली दिसत होती. मी एजंटला विचारलं, पावसाचं पाणी कुठून जातं? तो म्हणाला, मॅडम, ते आम्ही मॅनेज करतो. मग त्याने मला बाजूला घेऊन विचारलं, तुम्ही शेतकरी आहात ना? शेतजमीन घ्यायची तर आपल्या राज्यात खरेदीदार शेतकरी असावा लागतो, त्याचा दाखला लागतो. मी नाही म्हटलं. तो म्हणाला, काळजी नको, तो पण करून देतो, सगळे तसंच करतात. कसा करून देणार, तर भलत्याच कुणाच्या तरी सातबाऱ्यावर, म्हणजे जमिनीच्या मालकी उताऱ्यावर, माझं नाव घुसवून.

मी टोपी त्याच्या हातात दिली आणि नवऱ्याला घेऊन खाली वाडीतल्या चहाच्या टपरीवर जाऊन बसले. बस सुटायला दोन तास होते.

टपरीवर एक साठी उलटलेले गृहस्थ पेपर वाचत बसले होते. शाळामास्तर म्हणून निवृत्त झालेले, सगळी वाडी त्यांना गुरुजी म्हणायची. आम्ही कशाला आलोय ते त्यांनी ओळखलंच. त्यांनी प्लॉटला नावं ठेवली नाहीत, एजंटलाही नाही. फक्त म्हणाले, "घ्यायचं असेल तर पावसाळ्यात येऊन राहा. आत्ता काही कळायचं नाही." मी विचारलं, राहायचं कुठे? त्यांच्या घराची एक खोली रिकामीच होती. मुलं पुण्याला, पत्नी दोन वर्षांपूर्वी गेलेली.

जुलैत आम्ही खरंच गेलो. नवऱ्याने आठ दिवस कबूल केले होते, राहिलो सहा आठवडे. त्या तालुक्यात पाऊस म्हणजे ढगच अंगणात उतरलेले. कपडे वाळायचे नाहीत, चुलीवर दोरी बांधून वाळवायचे. काडेपेटी सादळायची, मीठ विरघळायचं, उशीला बुरशीचा वास यायचा. तिसऱ्या आठवड्यात एक दिवस प्लॉटच्या बाजूने मोठा आवाज आला. छत्र्या घेऊन आम्ही गेलो. बुजवलेली घळ तिच्या जागेवर परत आली होती. मुरूम, दोन प्लॉटचे बांध, निम्मा रस्ता, सगळं खाली ओढ्यात गेलं होतं आणि कमान एका पायावर उभी होती. नवरा बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "तुझ्या त्या झाडांनी सांगितलं होतं बघ." जमिनीच्या बाबतीत त्याने माझं म्हणणं पहिल्यांदा मान्य केलं ते तिथे, चिखलात उभं राहून.

गुरुजींच्या घरामागे चढावर त्यांची एक एकर पाच गुंठ्यांची जमीन होती. वर पाच ताली, म्हणजे दगडी बांध घालून केलेल्या पट्ट्या. सगळ्यात वरच्या तालीच्या कडेला एक झरा. मी सहा आठवडे रोज सकाळी तिथे जायचे. पाऊस कितीही पडो, झऱ्याचं पाणी नितळ. झाडं मुळापासून सरळ. बांधाचा एक दगड हललेला नाही. नाचणीचं रोप त्यात वीतभर होतं, पण गुरुजींना आता वाकणं होत नव्हतं, दोन ताली पडीकच होत्या.

निघायच्या आदल्या दिवशी मी त्यांना विचारलं, विकाल का? मुंबईची तीन गिऱ्हाइकं त्यांनी याआधी परत पाठवली होती, हे मला वाडीत कळलं होतं.

"घेऊन काय करणार?" त्यांनी विचारलं. "कुंपण घालून कुलूप लावणार, की राहणार?"

"राहणार," मी म्हटलं.

"हे राहतील?" त्यांनी नवऱ्याकडे बोट दाखवलं.

नवरा म्हणाला, हिच्याशिवाय माझं जेवणाचं काय होणार? गुरुजी हसले. मग गंभीर होऊन म्हणाले, दाखला आणा, शेतकरी असल्याचा, आणि खरा आणा.

खरा दाखला कुठून आणणार? माझे बाबा तरुणपणी माणदेशातून मुंबईला आले आणि साकीनाक्याच्या एका कारखान्यात भट्टीवर लागले. ते गावाबद्दल फारसं बोलत नसत. तिथे जे सोसलं ते त्यांना आम्हाला द्यायचं नव्हतं. पण मी लहान असताना एकदा शाळेच्या फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय लिहायचा होता, तेव्हा ते म्हणाले होते, कामगार लिही, पण गावाला आपलंही नाव आहे कागदावर. ते मला परतीच्या एसटीत आठवलं.

मी एकटीच त्या गावाला गेले. तलाठ्याने कॉम्प्युटरवर उतारा काढून दिला. आजोबांच्या वेळची इनामाची जमीन, वाटण्या होत होत एकाच तुकड्यावर त्रेचाळीस नावं. मी बोट ठेवत ठेवत वाचत गेले. बाबांचं नाव मयत म्हणून कंसात गेलं होतं आणि त्याखाली वारस म्हणून एकच नाव, माझ्या धाकट्या भावाचं. माझं नव्हतं. तलाठ्याने सांगितलं की ही नोंद आठ वर्षांपूर्वीच मंजूर झालीय. आता भावाने येऊन बहीण आहे असा जबाब दिला तर काम सोपं, त्याने हरकत घेतली तर वर अपिलात जावं लागेल, आणि ते कधी संपेल सांगता येत नाही.

मी गावातून थेट कुर्ल्याला गेले. भावाचं तिथे टर्मिनसच्या रस्त्यावर झेरॉक्सचं दुकान आहे. त्याने मला बघून स्टूल पुढे केलं. मी उतारा काउंटरवर ठेवला आणि बोट दाखवलं. त्याने एक नजर टाकली आणि मशीन बंद केलं.

"ताई, तुला वाटा पाहिजे असेल तर सरळ सांग ना."

"वाटा नको. नाव पाहिजे."

"नावात काय ठेवलंय? तिथे खाट टाकायला जागा येत नाही आपल्या वाट्याला."

"मग माझं लिहायला काय हरकत होती?"

त्याने उतारा हातात घेतला. एक गिऱ्हाईक आधारकार्ड घेऊन आलं, त्याला त्याने नंतर या म्हणून सांगितलं. मग हळू आवाजात मला जे सांगितलं ते असं, की बाबा गेल्यावर तो घाईत गावाला गेला होता. तिथे कुणीतरी त्याला म्हणालं, मुलींची नावं कशाला टाकतोस, पुढे प्रत्येक वेळी सह्या गोळा करत बसशील. त्याने टाकलं नाही. नंतर त्याला ते टोचत राहिलं, पण सांगायचं कसं ते सुचलं नाही.

मी रागावून गेले होते. वाटेत मनात काय काय जुळवून ठेवलं होतं. पण तो माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान, त्याला मी कडेवर घेऊन नळावर पाणी भरलंय. मी एवढंच म्हटलं, येत्या सोमवारी चल.

तो आला. त्याने दुकान बंद ठेवलं, इस्त्रीचा शर्ट घातला. मंडळ अधिकाऱ्यासमोर आमचे जबाब झाले. साहेबांनी त्याला विचारलं, या कोण? भाऊ म्हणाला, "माझी सख्खी मोठी बहीण. नाव माझ्यामुळे राहिलं. चूक माझी आहे, तसं लिहा." साहेब म्हणाले, चूक वगैरे लिहायची गरज नाही, सही करा. पण तो पुन्हा म्हणाला, लिहिलंत तर बरं होईल. साहेबांनी लिहिलं नाही. मी ऐकलं, तेवढं मला पुरे होतं.

दीड महिन्याने नोटिशीची मुदत संपून फेरफार मंजूर झाला. उताऱ्यावर चव्वेचाळिसावं नाव माझं. बाबांचं नाव मधे लावून, पूर्ण. मी तो कागद घाटकोपरच्या घरी आणला आणि नवऱ्याला वाचायला दिला. तो चष्मा लावून सगळी चव्वेचाळीस नावं मोठ्याने वाचत गेला आणि माझ्या नावाला थांबला. म्हणाला, शेतकरीणबाई, आता चहा मिळेल का?

दाखला घेऊन मी परत डोंगरात गेले. गुरुजींनी तो दोनदा वाचला, मुलांना पुण्याला फोन करून त्यांची तयारी विचारली, आणि व्यवहार ठरला. वकिलाने जुन्या नोंदी तपासल्या, त्यात काही वावगं निघालं नाही. पण गुरुजींच्या वडिलांच्या मृत्यूनंतरची नोंद वाचताना मी अडखळले. तिथेही एकच वारस.

मी विचारलं, गुरुजी, तुम्हाला बहीण नव्हती? ते म्हणाले, आहे, खालच्या गावात दिलीय. मग मी काय विचारतेय ते त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांचा चेहरा उतरला. जन्मभर मुलींना शाळेत आणण्यासाठी घरोघर फिरलेला माणूस. वकील म्हणत होता, तशी आत्ता गरज नाही, व्यवहार होऊन जाईल. मी म्हटलं, मला घाई नाही. गुरुजी दुसऱ्या दिवशी स्वतः खालच्या गावी गेले आणि बहिणीला घेऊन आले. सत्तरीची बाई, ठसठशीत कुंकू, पायात प्लॅस्टिकच्या चपला. तिने माझ्याकडे पाहून विचारलं, ही कोण म्हणायची? गुरुजी म्हणाले, जमीन घेणारी. तुझी सही नसली तर घेत नाही म्हणते. ती बाई तालींवरून एक चक्कर मारून आली, तिच्या लहानपणीचं आंब्याचं झाड अजून आहे की नाही ते बघून आली, आणि म्हणाली, कुठं करायची सही? विक्रीतला तिचा वाटा गुरुजींनी तिला न सांगता वेगळा काढला होता.

आता राहिला रस्ता. गुरुजींच्या जमिनीत जायचं तर शेजाऱ्याच्या बांधाकडेने जावं लागायचं. शेजारी पन्नाशीचा, चार म्हशी, दोन एकर भात. पावसाळ्यात आम्ही गुरुजींचे पाहुणे होतो तेव्हा तो बोलायचा, नवऱ्याबरोबर तंबाखूही मळायचा. आम्ही जमीन घेतोय म्हटल्यावर त्याने एकदा वाटेत थांबवून विचारलं, मूळ गाव कुठलं, आडनाव काय? मी गाव सांगितलं, आडनाव सांगितलं. आमच्या आडनावावरून कळायचं ते लगेच कळतं. तो बरं म्हणाला आणि निघून गेला. चार दिवसांनी त्या वाटेवर काटेरी तारेचं कुंपण उभं होतं.

मी त्याच्या अंगणात गेले. तो म्हशीला पेंड घालत होता. वर न बघता म्हणाला, "हितनं रस्ता न्हाई. गुरुजी जात हुते ते शेजारधर्मानं. तुमचा काय संबंध?"

"नकाशात बघू," मी म्हटलं.

"बघा की."

नवरा म्हणाला, सोडून दे, असल्या शेजारात म्हातारपण काढायचं का? त्याचं चुकत नव्हतं. त्या संध्याकाळी मी वरच्या तालीवर बसले आणि प्रामाणिकपणे विचार केला की टिटवाळ्याला काय वाईट आहे. पण मग माझ्या हाताला सत्तावीस वर्षांची सवय होती. वाद झाला की मोजायचं. मी तालुक्याला जाऊन जुना गटनकाशा मिळवला आणि गुरुजींना सरकारी मोजणीचा अर्ज करायला लावला. खरेदीच्या आधी मोजणी, मगच सही.

मोजणीच्या दिवशी निम्मी वाडी जमली. मोजणीदार काठीवर बसवलेलं यंत्र घेऊन आला. एकेका कोपऱ्यावर काठी उभी करायची, थांबायचं, चुन्याची खूण करायची. मी नकाशाची प्रत घेऊन त्याच्या मागोमाग, बांधावरून उड्या मारत. शेजारी त्याच्या कुंपणाजवळ हाताची घडी घालून उभा. त्याची बायको थोडी मागे, डोक्यावर घागर घेऊन. ती आमच्या, म्हणजे गुरुजींच्या, झऱ्यावरूनच पाणी भरून आली होती. उन्हाळ्यात त्यांच्या घराला दुसरं पाणी नव्हतं. त्यांचा नळ मार्चलाच कोरडा पडायचा.

दुपारपर्यंत चित्र स्पष्ट झालं. नकाशात तुटक रेषेने दाखवलेली पायवाट होतीच, बरोबर कुंपणाच्या जागेवरून. कुंपणाचे चार खांब गुरुजींच्या हद्दीत आले होते. पण गुरुजींच्या पडक्या गोठ्याचा एक कोपरा शेजाऱ्याच्या हद्दीत निघाला. दोन्हीकडे चुना पडला. गुरुजी खाली बघत होते, शेजारी खाली बघत होता. सगळी वाडी माझ्याकडे बघत होती.

मी शेजाऱ्याजवळ गेले. म्हटलं, गोठ्याचा कोपरा मी माझ्या खर्चाने पाडून देते. पायवाटेची बैलगाडी जाईल एवढी वाट करा, आणि दोघांनी वापरायची असं लिहून द्या. त्याने विचारलं, नाही दिलं तर? मी म्हटलं, तर मी तहसीलदाराकडे जाईन आणि वाट मिळवीन, नकाशा माझ्या हातात आहे.

मग मी त्याच्या बायकोच्या डोक्यावरच्या घागरीकडे पाहिलं. जे म्हणायचं ते मी आधी ठरवलेलं नव्हतं.

"आणि झरा माझ्या हद्दीत येतोय," मी म्हटलं. "तुमच्या घराने तिथे कायम पाणी भरावं, असं मी खरेदीखतात लिहून घेते. उद्या मी मेले आणि दुसरं कुणी मालक आलं तरी त्याला अडवता येणार नाही."

मोजणीदाराने काठी खाली ठेवली. माझ्या आजीला माणदेशात विहिरीच्या कडेला घागर ठेवून उभं राहावं लागायचं, कुणी येऊन वरून ओतेपर्यंत. बाबांनी ते एकदाच सांगितलं होतं. पाणी कुणी भरायचं हे आमच्या घरातल्या कुणी ठरवायची वेळ त्याआधी कधी आली नव्हती. आली तेव्हा काय ठरवायचं, यात मला एक क्षणही विचार करावा लागला नाही, आणि याचा मला आजही अभिमान वाटतो.

शेजारी म्हणाला, "लिवायला कशाला पायजे? तोंडी चाललं असतं."

"मला लिहिलेलं बरं वाटतं," मी म्हटलं.

त्याची बायको पुढे आली. तिने घागर उतरवून बांधावर ठेवली आणि नवऱ्याला म्हणाली, तार काढा. एवढंच. तो पक्कड आणायला घरी गेला.

खरेदीखताच्या दिवशी दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात कॅमेऱ्यासमोर बसवून माझा फोटो काढला, दोन्ही अंगठे घेतले. क्लार्कने सवयीने नवऱ्याला पुढे बोलावलं. नवरा म्हणाला, मी नाही, मी साक्षीदार. त्या ऑफिसात साक्षीदाराच्या खुर्चीवर तो जितका ताठ बसला होता तितका लग्नातही बसला नव्हता. महिन्याभराने नवा सातबारा आला. एक एकर पाच गुंठे, भोगवटादार म्हणून एकच नाव. मी तो तलाठ्याच्या ऑफिसबाहेर उभी राहून वाचला, मग एसटी स्टँडवर वाचला, मग एसटीत खिडकीशी बसून परत वाचला. शेजारच्या सीटवरच्या बाईने विचारलं, कोर्टाचा कागद आहे का? मी म्हटलं, नाही, माझा आहे.

घर बांधायला दीड वर्ष गेलं. जांभ्याचे चिरे, वर पत्रा, पुढे ओटी, दोन खोल्या. वाळू वर चढवायला ट्रॅक्टर त्याच वाटेने आला. एकदा पावसात तो रुतला, तेव्हा शेजाऱ्याने न बोलावता म्हशी सोडून बांधाचे दगड आणून चाकाखाली घातले. गृहप्रवेशाला भाऊ कुर्ल्याहून सहकुटुंब आला. त्रिशरण-पंचशील झालं, खीर वाटली, आणि ओटीवर पंगत बसली. गुरुजी आणि त्यांची बहीण आली. शेजारी येईल की नाही याची मला खात्री नव्हती, मी ताटं मोजताना त्याची दोन धरली नव्हती. तो आला, बायकोला घेऊन, पंगतीत माझ्या भावाच्या शेजारी बसला. भावाने त्याला मुंबईत भाव काय, गर्दी किती, ते सांगितलं. त्याने भावाला म्हशी किती दूध देतात ते सांगितलं. भात त्याने दोनदा मागून घेतला. त्याची बायको जाताना ओटीशी थांबून मला म्हणाली, तुमच्या आमटीत काय घालता? मी तिला आमचा मसाला बांधून दिला.

इथे राहणं सोपं आहे असं मी कुणाला सांगत नाही. लाइट दोन दोन दिवस जाते. दवाखाना दीड तासावर. पहिल्या वर्षीची निम्मी नाचणी रानडुकरांनी खाल्ली आणि उरलेली मी चुकीच्या वेळी कापली. गुडघे कुरकुरतात. घाटकोपरहून नातेवाईक येतात, दोन दिवस हवा झकास म्हणतात, तिसऱ्या दिवशी रेंज नाही म्हणून अस्वस्थ होतात. पण दुसऱ्या वर्षी नाचणी चार पोती झाली. तिच्या पहिल्या भाकरीचा तुकडा मोडून आधी कपाळाला लावला, हे मी नवऱ्याला सांगितलं नाही. त्याला दिसलं असावं, कारण त्याने भाकरी नावं न ठेवता खाल्ली, आणि ती खरं तर एका बाजूने करपलेली होती.

बदलला तो तोच. सपाटीवर राहू म्हणणारा माणूस आता पहाटे कंदमुळं खणायला, बांध नीट करायला बाहेर पडतो. त्याने स्वतः एक ताल भाताला काढली, शेजाऱ्याकडून बियाणं आणलं, चिखलणी शिकला, चिखलात दोनदा पडला. गेल्या आठवड्यात मुलीचा फोन आला, तिच्या नणंदेचं मुलुंडला लग्न आहे, दोघं या. मी बॅग काढली आणि त्याचा शर्ट इस्त्री करायला घेतला.

तो ओटीवर विळ्याला धार लावत होता. म्हणाला, "तू जाऊन ये गं. माझा भात कापायला आलाय."